सत्कार करायचाय? आधी गुऱ्हाळावर जाऊन या

आमच्या पहिल्या सत्काराला सत्कारमूर्तीच आली नाही. पन्हाळ्याच्या पायथ्याचा गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर. तीसेक हंगाम काहिलीपुढं, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईपुढं, काढलेला माणूस. जानेवारीतला रविवार, हॉल भरलेला, पाहुणे व्यासपीठावर, फेटेवाला कापड खांद्यावर टाकून उभा. फोन लावला तर पलीकडून आवाज आला, "काहील चढलीया दादा, रस उकळाय लागलाय. आता सोडून कसा येऊ?"

चूक त्याची नव्हती. गुऱ्हाळं दसऱ्याच्या सुमारास पेटतात आणि मार्चपर्यंत चालतात, हे कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. तरी आम्ही जानेवारी धरला, कारण प्रमुख पाहुण्यांना तीच तारीख सोयीची होती. दुसऱ्या दिवशी शाल घेऊन गुऱ्हाळावर गेलो. तो म्हणाला, "तिकडं ठेवा, हात गुळाचं हाईत." शाल उसाच्या मोळीवर ठेवून आम्ही परत आलो.

त्यानंतर दरवर्षी आम्ही हा छोटा सोहळा करतो. गूळ, मध, वनौषधी, नैसर्गिक रंग, अर्क अशा क्षेत्रांत काम करणारे शास्त्रज्ञ, उद्योजक आणि कारागीर यांचा. तुमची तालीम, महिला मंडळ, महाविद्यालय किंवा व्यापारी संघटना असं काही करणार असेल, तर आम्ही ठेचकाळत शिकलेलं हे सगळं क्रमानं सांगतो.

पहिली पायरी: कोणाचा सत्कार, हे कागदावर लिहा

'नैसर्गिक' हा शब्द आता साबणापासून भिंतीच्या रंगापर्यंत सगळ्यावर छापलेला असतो. त्यामुळं पहिल्याच बैठकीत व्याख्या ठरवा. आमची अशी आहे: वनस्पती, प्राणी, कीटक किंवा सूक्ष्मजीव यांच्यापासून मिळालेला पदार्थ, आणि तो कुठून आला हे सत्कारमूर्तीला दाखवता आलं पाहिजे. शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची. तिच्यामुळं अर्धे अर्ज आपोआप गळतात.

सूक्ष्मजीव मुद्दाम घातले आहेत. वनौषधी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं हिरडा, शिकेकाई, अडुळसा येतात. पण २०१५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल ज्यांना मिळालं, त्यांतले जपानचे सातोशी ओमुरा यांनी मातीतले जिवाणू गोळा केले होते. त्यांतल्या एकापासून अॅव्हरमेक्टिन हे औषधी द्रव्य मिळालं. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत मातीचे नमुने चाळत बसलेली एखादी संशोधक मुलगीही तुमच्या यादीत बसते, हे समितीला आधीच माहीत असू द्या.

गट तीन पुरेत. शोध लावणारे, उद्योग उभा करणारे आणि हातानं काम करणारे. तिसऱ्या गटावरून आमच्याकडं दरवर्षी वाद होतो. "शास्त्रज्ञांच्या शेजारी गुळव्या बसवायचा?" असं एका सदस्यानं विचारलंही. बसवायचा. उकळत्या पाकाचा थेंब थंड पाण्यात सोडून, बोटांनी गोळी वळून काहील कधी उतरवायची ते तो सांगतो. थर्मामीटर तेव्हा ११८ अंशांच्या आसपास असतो आणि त्यानं थर्मामीटर पाहिलेला नसतो. या शहराची पेठ त्या गोळीवर उभी आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी, आणि कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

दुसऱ्या गटात फक्त कारखानदार आणू नका. नेतृत्व म्हणजे कधी कधी नुसतं भांडणंही असतं. जखमेवर हळद लावण्याबद्दल अमेरिकेत १९९५ मध्ये पेटंट दिलं गेलं. आपल्या सीएसआयआरनं (केंद्राच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनं), डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना, जुने ग्रंथ आणि शोधनिबंध पुराव्याला लावून ते लढवलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. हळदीचं एक पोतंही न विकता केलेली ही उद्योगाची सेवा. तुमच्या तालुक्यातही कोणी मानांकनाचे कागद करत, कोणी बाजार समितीत भेसळीविरुद्ध बोलत वर्षं घालवलेली असतात. त्यांना शोधा.

दुसरी पायरी: नावं शोधायला पायपीट

वर्तमानपत्रात 'प्रस्ताव पाठवा' अशी बातमी दिली की ठरावीक मंडळींचेच प्रस्ताव येतात. सोबत कात्रणांची जाड फाईल, आधीच्या सत्कारांचे फोटो, कधी मंत्र्याबरोबरचा एक. प्रस्ताव मागवा जरूर, पण त्यावर विसंबू नका.

सौद्याच्या सकाळी मार्केट यार्डात जा आणि हमालांना विचारा, कुणाचा माल बघायला व्यापारी आधी धावतात. विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानातल्या माळीकामगारांना विचारा, कोणते सर पावसाळ्यात सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळपठारांवर, फिरतात. भुदरगड तालुक्यातलं पाटगाव मधाचं गाव म्हणून ओळखलं जातं. तिथं जाऊन विचारा, नव्या पोराला पेटी हाताळायला शिकवतं कोण. राधानगरीच्या बाजूला हिरडा-शिकेकाई वेचणाऱ्या बायका कुणाच्या अंगणात माल वाळवतात आणि वजनाला कुणावर विश्वास ठेवतात, हे विचारा. मिळणारं नाव बहुतेक वेळा कुठल्याच फाईलमध्ये नसतं.

शास्त्रज्ञांच्या बाबतीत आपण मराठी माणसं विशेष आळशी आहोत. सह्याद्रीत नरक्या नावाचं झाड आहे, उग्र वासामुळं हे नाव पडलेलं. त्याची चोरटी तोड झाल्याच्या बातम्या आपण आपल्याच जिल्ह्यात वाचल्या आहेत. तोड होते, कारण त्यात कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य असतं आणि त्यापासून कर्करोगावरची औषधं बनवतात. हे द्रव्य पहिल्यांदा वेगळं केलं मन्रो वॉल आणि मनसुख वाणी या जोडीनं, अमेरिकेत, एका चिनी झाडापासून. ते १९६६ मध्ये प्रसिद्ध झालं. १९७१ मध्ये याच जोडीनं टॅक्सॉल या कर्करोगावरच्या दुसऱ्या द्रव्याची रचना जगापुढं ठेवली. वाणी जन्मले आपल्या नंदुरबारला, शिकले मुंबई विद्यापीठात, आणि २०२० मध्ये वारले. मी सभागृहात दोनदा विचारलं, हे नाव कुणी ऐकलंय का. दोन्ही वेळा एकही हात वर आला नाही.

मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांचंही तेच. सर्पगंधेचा उच्च रक्तदाबावरचा परिणाम त्यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश नियतकालिकात मांडला आणि जगभरचे डॉक्टर त्या मुळीकडं वळले. अशा दिवंगतांसाठी दरवर्षी पाच मिनिटं ठेवा. शाल लागत नाही, फोटो आणि नीट लिहिलेला एक परिच्छेद पुरतो.

तिसरी पायरी: समिती

पाच माणसं. एक वनस्पतिशास्त्र किंवा रसायनशास्त्राचा प्राध्यापक, एक आयुर्वेदाचा वैद्य, एक व्यापारी, एक शेतकरी, आणि एक कोल्हापूरबाहेरचा. बाहेरच्याला कुणाचे पाहुणे-पै माहीत नसतात, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण. देणगी देणारा समितीत नको. समितीतल्या कुणाचा नातेवाईक, विद्यार्थी किंवा गिऱ्हाईक यादीत आला, तर त्या चर्चेपुरतं त्यानं बाहेर चहा प्यायला जायचं. हे पहिल्या बैठकीतच हसत-हसत ठरवून घ्या. नाव समोर आल्यावर सांगितलं तर माणसं दुखावतात.

चौथी पायरी: पडताळणी

इथं घाई केली की फजिती ठरलेली. दुसऱ्या वर्षी आम्ही एका मधविक्रेत्याचा सत्कार केला. बाटलीवर जंगलाचं चित्र, बोलणं मधाहून गोड. चार महिन्यांनी आमच्यातल्याच एकानं त्याच्या मालाचा नमुना प्रयोगशाळेत दिला आणि अहवालात साखरेचा पाक निघाला. मानपत्रावर आमच्या सह्या होत्या. आता पडताळणीला दोन महिने ठेवतो.

*उद्योजक असेल तर* खाद्यपदार्थावरचा एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर टाकून बघा, परवाना चालू आहे का आणि त्याच नावावर आहे का. आयुर्वेदिक औषध असेल तर लेबलवर उत्पादन परवान्याचा क्रमांक हवा. 'सेंद्रिय' म्हणत असेल तर प्रमाणपत्र मागा, आणि त्यावरची मुदत व पिकाचं नाव वाचा. उसाचं प्रमाणपत्र दाखवून हळद विकणारे असतात. 'कोल्हापुरी गूळ' हे नाव वापरत असेल, तर मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद झाली आहे का ते विचारा. झालेली नसेल तर लगेच नाव खोडू नका. पुष्कळ चांगल्या गुऱ्हाळमालकांना ही नोंद करायची असते हेच ठाऊक नसतं. जंगलातला माल असेल तर वनखात्याची परवानगी आणि गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीशी असलेला व्यवहार, दोन्ही बघा. २००२ च्या जैवविविधता कायद्यात स्थानिकांना लाभाचा वाटा देण्याची तरतूद आहे. तो वाटा देणारा उद्योजक सापडला, तर माझं एक मत जास्त त्याला.

मध पाण्यात सोडून बघणं, काडीला लावून पेटवणं, कुत्र्याला देऊन बघणं, हे प्रकार करू नका. त्यांतून काही सिद्ध होत नाही. तांदळाच्या पाकाची भेसळ तर साध्या तपासणीतही निसटते, त्यासाठी मोठी प्रयोगशाळाच लागते. नमुना सत्कारमूर्तीकडून घेऊ नका, दुकानातून विकत घ्या. गुळाचंही तसंच. पिवळाधमक गूळ दिसला की आपले लोक खूश होतात, पण तो रंग अनेकदा हायड्रॉस पावडर या गंधकयुक्त रसायनाचा असतो. भेंडीच्या पाण्यानं मळी काढून केलेला गूळ तांबूस, कधी चॉकलेटीही येतो. शंका आली तर सल्फर डायऑक्साइडची तपासणी करून घ्या. गुळाच्या प्रतीबद्दल काही अडलं, तर आपल्याच शहरात राहुरी कृषी विद्यापीठाचं प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र आहे. आपण तिकडं फक्त बेण्यासाठी जातो, तेवढ्यावर थांबू नये.

*शास्त्रज्ञ असेल तर* शोधनिबंधांची संख्या मोजत बसू नका. त्यांना सांगा, तुमच्या मते सगळ्यात महत्त्वाचे तीन निबंध द्या, आणि ते समितीतल्या प्राध्यापकाकडून वाचून घ्या. 'पेटंट' म्हटलं की विचारा, अर्ज केलाय की मिळालंय? या दोन गोष्टींत वर्षांचं अंतर असतं, आणि परिचयपत्रात दोन्ही 'पेटंट' म्हणूनच लिहिलेल्या असतात. उंदरांवर झालेला प्रयोग आणि माणसांवर झालेला प्रयोग यांतला फरक वैद्याकडून समजून घ्या.

आणखी एक प्रश्न: हे काम एकट्याचं आहे का? चीनच्या तू योयो यांना २०१५ मध्ये नोबेल मिळालं ते हिवतापावरच्या आर्टेमिसिनिनसाठी. पण हा शोध १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा निबंधावर एकाही माणसाचं नाव नव्हतं, फक्त गटाचं होतं. नंतर कुणाचा वाटा किती यावर कितीतरी वर्षं खल चालला. आपल्याकडं बहुधा उलटं होतं. गटाचं काम असतं आणि नाव प्रमुखाचंच पुढं येतं. प्रयोगशाळेत एक फोन करा, शोधविद्यार्थी आणि सहायक कोण होते ते विचारा. त्यांची नावं मानपत्रात घालू का, असं प्रमुखांना विचारल्यावर त्यांचा चेहरा कसा होतो, हीसुद्धा पडताळणीच.

*कारागीर असेल तर* जाऊन बघा. दिवसभर थांबा. कागदपत्रं नसतात, मागूही नका.

पाचवी पायरी: आधी विचारा

निवड जाहीर करण्याआधी भेटून होकार घ्या. नावाचं स्पेलिंग म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ, गावाचं नाव, आईचं नाव लावतात का, फेटा चालेल का, सगळं विचारा. एका वैदू आजींनी आम्हाला शाल नको म्हणून सांगितलं, "शाली लय झाल्यात, गुडघ्याला यस्टीची शीट मिळाली तरी बास." त्यांच्यासाठी गाडी पाठवली. रोजंदारी बुडत असेल तर ती आधी द्या, पाकिटात, घरी. मंचावर नको.

सहावी पायरी: मानपत्र

शाल कपाटात जाते, श्रीफळ त्याच संध्याकाळी फुटतं. भिंतीवर राहतो तो कागद. म्हणून मजकुराला चार दिवस द्या.

आमचं पहिलं मानपत्र असं होतं: 'आपण निसर्गाचे सच्चे उपासक असून आपल्या अलौकिक कार्याने करवीरनगरीच्या शिरपेचात मानाचा तुरा खोवला आहे.' हे कुणालाही देता येतं, अगदी मोदकवाल्यालाही. आता असं लिहितो: 'को ९२००५ या उसाच्या रसापासून, भेंडीशिवाय दुसरं काहीही न वापरता, आपण सलग बारा हंगाम गूळ केला आणि आपल्या हाताखाली तयार झालेले सहा गुळवे आज पाच गावांत काम करतात.' काय केलं, कशापासून, किती काळ, कुणाला शिकवलं. विशेषण एखादंच.

दोन गोष्टी मानपत्रात अजिबात नकोत.

एक, रोग बरा झाल्याचा दावा. 'आपल्या काढ्याने शेकडो मधुमेही बरे झाले' असं कौतुकानं लिहिलं जातं, आणि पुढच्याच आठवड्यात तो कागद दुकानात जाहिरात म्हणून टांगला जातो. मधुमेह, कर्करोग अशा आजारांवर औषधाच्या अशा जाहिराती करायला १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. तुमचं मानपत्र त्या भानगडीत कशाला? 'अडुळशाच्या लागवडीची पद्धत बसवली' असं लिहा. सिद्ध आहे तेवढंच.

दोन, दुर्मीळ वनस्पतीचा पत्ता. शिवाजी विद्यापीठाचे डॉ. श्रीरंग यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कंदीलपुष्पांवर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांतल्या काही जाती एखाद-दुसऱ्या सड्यापुरत्याच उरल्या आहेत. अशा संशोधकाचा गौरव करताना उत्साहाच्या भरात सड्याचं नाव छापलंत, तर पुढच्या पावसाळ्यात तिथं मोबाइल घेऊन जत्रा भरेल. 'पश्चिम घाटातील' एवढं पुरे.

मसुदा सत्कारमूर्तीला आधी वाचून दाखवा. वाचता येत नसेल तरी दाखवा. एका मधपाळानं आम्हाला थांबवून सांगितलं की ती माशी आग्या नव्हे, सातेरी. आग्या माशी पेटीत राहत नाही. छापलं असतं तर त्याच्या गावात तो आणि आम्ही दोघंही हसू झालो असतो.

सातवी पायरी: तारीख आणि जागा

हंगामाचं कोष्टक मांडा. गुळवे मार्चपर्यंत अडकलेले. मधपाळ एप्रिल-मेमध्ये, जांभूळ-हिरडा फुलल्यावर. वनस्पतिशास्त्रज्ञ पावसाळाभर सड्यांवर. जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी कुठं चढेल याचा नेम नाही. २०१९ आणि २०२१ कुणी विसरलेलं नाही. पितृपक्षात शाल घ्यायला माणसं कचरतात. दिवाळी पाडव्याला व्यापारी सौद्याच्या मुहूर्तावर असतात. २६ जूनला, शाहू जयंतीला, अख्ख्या शहरात कार्यक्रम असतात.

आम्हाला सापडलेली फट म्हणजे गुढीपाडवा ते चैत्र पौर्णिमा. गुऱ्हाळं थंडावलेली आणि मधाचा मोठा हंगाम तोंडावर. पौर्णिमेच्या आदले-मागले तीन दिवस सोडा, कारण तेव्हा सगळं कोल्हापूर जोतिबाच्या डोंगरावर असतं. मार्चअखेर व्यापाऱ्यांचे हिशेब चालू असतात, तेही टाळा. उरतात आठ-दहा दिवस, आणि पुरतात.

जागा दसरा चौकात शाहू स्मारक भवन, नाहीतर एखाद्या महाविद्यालयाचं सभागृह. गावाकडनं येणाऱ्यांना एसटी स्टँडपासून जवळ हवं. वेळ सकाळी अकराची. संध्याकाळी ठेवलात तर चंदगड, आजऱ्याच्या माणसांची शेवटची गाडी चुकते.

आठवी पायरी: पैसे

आमचा नियम सोपा आहे. जमेल त्यातला निम्मा पैसा सत्कारमूर्तींच्या हातात गेला पाहिजे. उरलेल्या निम्म्यात हॉल, जेवण, छपाई, तपासण्या. लाख जमले तर पन्नास हजार पाच जणांत, सगळ्यांना सारखे. शास्त्रज्ञाला जास्त आणि गुळव्याला कमी असं एकदा केलं, आणि शास्त्रज्ञानंच आपलं पाकीट त्याला देऊन टाकलं. आम्हाला समजायचं ते समजलं.

देणगीदाराचं नाव निमंत्रणपत्रिकेत एका ओळीत. त्याच्या मालाचा स्टॉल, बॅनर, नमुन्याच्या पुड्या काही नको. रोख घेऊ नका, पावती द्या, आणि करांचं सनदी लेखापालाला विचारा.

नववी पायरी: प्रत्यक्ष कार्यक्रम

एकूण नव्वद मिनिटं. प्रमुख पाहुण्याला दहा. एका वर्षी पाहुणे पन्नास मिनिटं बोलले आणि सत्कारमूर्तींना 'वेळेअभावी' दोन शब्दही बोलता आले नाहीत. आता आधी सत्कार, मग सत्कारमूर्तींचं बोलणं, शेवटी पाहुणे. ज्यांना भाषण जमत नाही त्यांना मुलाखतीतून बोलतं करा. प्रश्न विचारणारा त्या कामातला हवा. गुळव्याला 'आपल्याला कसं वाटतंय?' असं विचारलं तर 'बरं वाटतंय' एवढंच मिळतं. 'पावसात भिजलेल्या उसाची गोळी कशी वळता?' असं विचारा, मग त्याला थांबवायची वेळ येते.

हार-तुरे, प्लॅस्टिकची ट्रॉफी नको. शालीऐवजी घोंगडं, श्रीफळाच्या जोडीला आदल्या वर्षीच्या सत्कारमूर्तीच्या गुऱ्हाळातली एक किलोची ढेप. हुपरीच्या कारागिराकडून चांदीचं छोटं पान करून घेतो, ते लोक देव्हाऱ्यात ठेवतात.

दहावी पायरी: नंतरचं काम

मुलाखतींचं रेकॉर्डिंग करा आणि सत्कारमूर्तीच्या संमतीनं गावच्या लोक जैवविविधता नोंदवहीसाठी तिथल्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला द्या. जे सांगायचं नाही, एखादी घराण्यातली कृती वगैरे, ते वगळूनच द्या.

पुढच्या सन्मानासाठी प्रस्ताव तुम्हीच भरा. देशी वाण जपणाऱ्या शेतकऱ्यांसाठी केंद्राच्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क प्राधिकरणाचे पुरस्कार आहेत. आजऱ्याचा घनसाळ तांदूळ जपणारं एखादं गाव असेल तर सामूहिक पुरस्कार १० लाख रुपयांचा असतो. पद्म पुरस्कारांचा अर्ज ऑनलाइन आहे आणि कुणीही कुणासाठीही भरू शकतं. त्यात कामाचं वर्णन जास्तीत जास्त ८०० शब्दांत मागतात. अकोल्याच्या नव्हे, अकोले तालुक्यातल्या बीजमाता राहीबाई पोपेरे यांना २०२० ची पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या एका सदस्याला पहिल्यांदा पटलं की हे अर्ज खरंच कुणीतरी वाचतं.

तुमचं मानपत्र नीट लिहिलेलं असेल, तर त्या ८०० शब्दांतले तीनशे तयारच असतात. बाकीचे मिळवायला परत गुऱ्हाळावर जावं लागतं. जाताना मानपत्राची जाड पुठ्ठ्यावर चिकटवून लॅमिनेट केलेली जादा प्रत न्या, कारण पहिली चुलवाणाच्या धुरानं पिवळी पडलेली असते.